बिनज्वाळेचं मटण, बिनढोलकीचा ताल

‘मटण’ आणि ‘बँजो’ हे दोन्ही शब्द अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रोजच्या वापरातले आहेत, पण तिथे त्यांचा अर्थ आपल्याकडचा नाही. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकडाचं. तिथे मटण म्हणजे पुरती वाढ झालेल्या मेंढीचं. आपला बेंजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा, भोंग्याला जोडलेला बुलबुलतरंग. तिथला बँजो म्हणजे गोल कडीवर पडदा ताणून त्याला लांब दांडी बसवलेलं, बोटांत नख्या घालून छेडायचं वाद्य. हे मटण आणि हा बँजो जिथे एका मैदानात येतात, त्या बार्बेक्यू आणि ब्लूग्रास (बँजोसारख्या तारवाद्यांवरचं तिथलं संगीत) यांच्या जत्रांचा कारभार चालतो कसा, ते इथे पाहू.

त्यासाठी जागा निवडली आहे ओवेन्सबोरो. ओहायो नदीच्या काठचं हे साधारण ६० हजार वस्तीचं शहर. १९७९ साली इथे बार्बेक्यूचा उत्सव सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं तो मे महिन्यात भरत आला. चुली मांडणारे संघ प्रामुख्याने कॅथलिक चर्चच्या पॅरिशांचे, म्हणजे त्या-त्या वस्तीतल्या लोकांचे. पश्चिम केंटकीत चर्चच्या निधीसाठी मटण भाजून विकायची रीत जुनी आहे. फॅन्सी फार्म नावाच्या खेड्यातली अशी सहल १८८० पासून चालू आहे, आणि तिथे जेवणाइतकीच राजकीय भाषणांसाठी गर्दी होते. ब्लूग्रासचा मोठा महोत्सव ओवेन्सबोरोत जूनअखेरीस वेगळा भरतो. या संगीताचं संग्रहालयही इथलंच, कारण ब्लूग्रासचा जनक मानला जाणारा बिल मन्रो १९११ साली जन्मला तो इथून तासाभराच्या अंतरावरच्या रोझीन गावाजवळ.

मेंढीच का, याचं उत्तर लोकरीत आहे. १८१६ साली अमेरिकेने परदेशी लोकरी कापडावर संरक्षक शुल्क बसवलं, मेंढ्या पाळणं परवडायला लागलं, आणि लोकर देऊन थकलेल्या म्हाताऱ्या मेंढ्यांचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला, असं तिथे सांगितलं जातं. असं मांस चिवट आणि उग्र वासाचं. ते खाण्याजोगं करायचा एकच उपाय होता: मंद आच आणि भरपूर वेळ.

निखारे एकीकडे, मटण दुसरीकडे

बार्बेक्यू म्हटलं की आपल्याकडे सळईवरचं पनीर नाहीतर कबाब आठवतो. ते ग्रिल झालं, तिथे तिखट आच आणि काही मिनिटांचा खेळ असतो. केंटकीतलं बार्बेक्यू म्हणजे १०५ ते १२० अंश सेल्सिअसच्या धुरकट गरम हवेत १२ ते १४ तास. मांसाखाली ज्वाळ कधीच नसते.

पिट म्हणजे खरं तर खड्डा, पण जत्रेत तो जमिनीवरच बांधतात. सिमेंटचे पोकळ ठोकळे न लिंपता चार थर रचायचे, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर उंची मिळते. रुंदी सव्वा मीटर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. वर लोखंडी सळया, त्यावर जाळी, त्यावर झाकायला पत्रा. जाळी आणि पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला नको. तो तापला की जस्ताचा धूर सुटतो, आणि हा स्वस्तातला सौदा पोटावर येतो.

लाकूड हिकरीचं. हे झाड अक्रोडाच्या कुळातलं, दणकट आणि सावकाश जळणारं. सहा महिने ते वर्षभर वाळवलेलं हवं. ओलं लाकूड दाट पांढरा धूर सोडतं, त्यातला डांबरासारखा अंश मांसावर बसतो आणि तुकडा कडवट होतो. धूर पातळ, जवळजवळ दिसेनासा, निळसर झाक असलेला असला की समजावं आग नीट चाललीय.

हे लाकूड पिटमध्ये जाळत नाहीत. बाजूला एक लोखंडी पिंप उभं करतात, बुडापासून हातभर उंचीवर त्यात चार-पाच सळया आडव्या घुसवतात आणि तळाशी फावडं जाईल एवढं भोक पाडतात. ओंडके सळयांवर जळतात, पेटून फुटलेले निखारे खाली पडतात. दर २०-३० मिनिटांनी फावडंभर निखारे उचलून पिटच्या कोपऱ्यांत आणि कडांना पसरायचे. बरोबर तुकड्यांखाली टाकायचे नाहीत, कारण मेंढीची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की भडका उडतो आणि काजळी वर येऊन चिकटते. भडका उडालाच तर निखारे फावड्याने बाजूला ओढून त्यावर राख दाबायची. पाणी ओतलं तर वाफेबरोबर राख उडून सगळ्या मटणावर बसते. दर जत्रेत कुणीतरी ओततंच.

आचेचा अंदाज घ्यायला जाळीच्या उंचीवर तळहात धरायचा. आठ-दहा सेकंद धरवला तर ठीक, चारला मागे घ्यावा लागला तर जास्त. पण शेकडो किलो मांस पणाला असताना टोचायचा तापमापक हवाच.

म्हातारी मेंढी मऊ होते कशी

खांद्याच्या मांसात जोडऊती भरपूर असतात आणि त्या कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या बनलेल्या असतात. सत्तरेक अंशांच्या पुढे ओलसर उष्णतेत ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर वाटीत थिजतं ते हेच. कुकरमध्ये शिट्ट्यांनी जे अर्ध्या-पाऊण तासात होतं ते इथे रात्रभर चालतं, आणि बदल्यात धुराची चव आणि वरची काळपट खरपूस साल मिळते. आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर गेलं आणि खांद्याचं हाड पिळल्यावर सैल फिरलं की तुकडा तयार. घड्याळ बघून काढू नये.

मधे एक जागा अशी येते की नवखे हमखास चुकतात. पहिले काही तास तापमान सरळ चढतं, आणि ६५ ते ७५ अंशांच्या मधे कुठेतरी अडकतं. दोन-दोन, तीन-तीन तास काटा हलत नाही. आग कमी पडली असं वाटून लोक निखारे ओततात, मग बाहेरून कोळसा आणि आतून वादी. प्रत्यक्षात आग बरोबर असते. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडत असतं, आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने मांस थंड होत असतं. बाहेरून येणारी उष्णता आणि उडणाऱ्या पाण्याने नेलेली उष्णता यांची बरोबरी झाली की काटा थांबतो. पृष्ठभाग सुकला की तो आपोआप पुढे सरकतो. घाई असेल तर तुकडा अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळतात. पाणी उडायचं थांबतं, तापमान चढतं, पण साल मऊ पडते. जत्रेत वेळ पाळावी लागते म्हणून अनेकजण गुंडाळतात. चवीच्या दृष्टीने न गुंडाळलेलं सरस, यात आम्हाला शंका नाही.

मेंढीचा उग्र वास मुख्यतः चरबीत असतो. म्हणून वरची चरबी आधीच कापून अर्धा सेंटिमीटर थर ठेवायचा. उरलेल्या उग्रपणावर उपाय म्हणजे तिथला ‘ब्लॅक डिप’. नाव सॉससारखं, रूप सारासारखं पातळ. दोन लिटर पाण्याला पाव लिटर वूस्टर सॉस, पाव लिटर व्हिनेगर, तीन-चार चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे जाडसर मिरपूड, तेवढीच ब्राउन शुगर, मोठा चमचाभर मीठ, आणि अर्धा छोटा चमचा ऑलस्पाइस, म्हणजे लवंग-दालचिनी-जायफळ यांचा मिळून वास येणारा दाणा. दहा मिनिटं उकळलं की झालं. टोमॅटो नाही, मध नाही. दोन पातेली करायची: एकातलं सुती दोऱ्यांच्या लांब दांड्याच्या मॉपने भाजताना मांसावर मारायचं, दुसऱ्यातलं ताटात वाढायचं. कच्च्या मांसाला लागलेला मॉप बुडवलेलं पातेलं वाढायला घेतलं तर गाव आजारी पडतं. शिवाय दर वेळी पत्रा उघडला की धग निसटते, म्हणून मॉप मारणं आणि निखारे घालणं एकाच वेळी उरकावं.

आता हिशेब. ताटाला शिजलेलं १४० ग्रॅम धरलं तर १००० ताटांना १४० किलो लागतं. हाडासकट खांद्यातून शिजून, हाडं-चरबी काढून हातात येतात ते जेमतेम ४० टक्के. म्हणजे कच्चं ३५० किलो आणावं लागतं. पहिल्यांदा जत्रा करणारे इथेच फसतात, कच्च्या वजनावर ताटं मोजतात आणि दुपारी दीडला पाटी उलटी करतात.

वेळ उलटी मोजायची. शनिवारी ११ ला वाढप, म्हणून ९ ला मांस खाली, तासभर मुरायला, तासभर चिरायला. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी ७ ला जाळीवर, आणि पिंपातली आग दुपारी ४ पासून. तयार तुकडे थांबवायचे असतील तर बर्फाच्या जाड पेटीत, बर्फाऐवजी पंचे गुंडाळून ठेवतात. तीन-चार तास निभावतात, मात्र ६० अंशांच्या खाली जाऊ देता कामा नये. तिथून पुढे जंतूंचं राज्य सुरू होतं. आणि मेंढीची चरबी आपल्या रश्शातल्या तवंगापेक्षाही लवकर थिजते, टाळूला मेणासारखी चिकटते. गार वाढलेलं मटण चांगलं असूनही वाईट लागतं.

बर्गू

मटणाशेजारी मोठ्या लोखंडी कढयांत जे रटरटत असतं ते बर्गू: मेंढी, कोंबडी, कोबी, बटाटा, कांदा, मका, टोमॅटो यांचं दाट कालवण. आधी मांस हाडावरून सुटेपर्यंत उकळून हाडं वेचायची, मग कोबी, कांदा, बटाटा, आणि बटाटा पूर्ण शिजल्यावरच टोमॅटो व व्हिनेगर. आंबट आधी पडलं की बटाटा टणक राहतो. चिंच घाईने घातली तर डाळीचं होतं तसंच. मका सगळ्यात शेवटी, कारण त्याचा पिठूळपणा तळाला बसतो आणि करपतो. वल्ह्याएवढा लाकडी दांडा घेऊन तळ खरवडत राहणं हे काम आळीपाळीने चालतं. एकदा बूड लागलं की करपट वास कढईभर होतो, मसाला कितीही घाला.

शाकाहारी पाहुण्यांना सावध करायला हवं: बर्गूत मांस असतंच, पण निरुपद्रवी दिसणाऱ्या भाजलेल्या बीन्समध्येही बहुधा डुकराचं मांस असतं. विचारून घ्यावं. मटण चिरलेलं किंवा बारीक तोडलेलं मिळतं, सोबत ब्रेड, कच्च्या कांद्याची चकती आणि खारवलेली काकडी.

पाच माणसं, ढोलकी कुठेच नाही

मन्रोने आपल्या बँडचं नाव केंटकीच्या ‘ब्लूग्रास राज्य’ या टोपणनावावरून ‘ब्लू ग्रास बॉइज’ ठेवलं, आणि १९३९ साली तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. पण आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात तो नाद जमला डिसेंबर १९४५ मध्ये, अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण बँजोवादक येऊन मिळाला तेव्हा. घटना मोठी होतीच, तरी सगळं श्रेय या दोघांना देणं अपुरं ठरेल. बँजोचं मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहे, आणि मन्रो पोरवयात नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायला शिकला तो अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाच्या साथीने.

वाद्यं पाच: मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि उभा बास. ड्रम नाहीत. तरीही पाय ठेका धरतो, तो असा. चार मोजा. १ आणि ३ वर बास. २ आणि ४ वर मँडोलिनवादक सगळ्या तारा एकदम मारतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं किंचित उचलतो. सूर मरतो, उरतो फक्त ‘चक्’. याला चॉप म्हणतात, तबल्यातल्या बंद बोलाची आठवण व्हावी असा. ‘दूम्-चक्, दूम्-चक्’ असा ठेका या दोघांचा.

गंमत पुढे आहे. मँडोलिनची एकट्याने वाजवायची पाळी आली, की चॉप बंद पडणार. तो मग बँजोवाला उचलतो: आपलं झरझर वादन सोडून तारा दाबून तसाच ‘चक्’ देतो. नाहीतर फिडलवाला गज तारांवर आपटून काढतो. ऐकणाऱ्याला काही बदललं हे कळतही नाही. कळलं तर बँड कच्चा.

बँजोला पाच तारा असतात, आणि पाचवी मधूनच, पाचव्या पडद्यापासून (दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीपासून) सुरू होते. तिची खुंटी दांडीच्या कडेला. ती आखूड, उंच सुराची, अंगठ्याने छेडायची. सतारीच्या चिकारीची ही चुलत बहीणच. स्क्रग्जने पक्की केलेली पद्धत तीन बोटांची: अंगठा, तर्जनी, मध्यमा. अंगठ्याला बहुधा प्लॅस्टिकची नखी, बाकी दोघांना धातूची. आठ सूर ३+३+२ असे पडतात: अंगठा-तर्जनी-मध्यमा, अंगठा-तर्जनी-मध्यमा, अंगठा-मध्यमा. कहरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या जागी अशा तोडून म्हणून बघा, सम जागेवर राहते आणि मधलं सगळं तिरकं पळतं. मिनिटाला १५० ठोके, ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे चालीचे सूर या धबधब्यात लपवलेले असतात. नवशिक्याची सगळी बोटं सारख्याच जोराने पडतात आणि चाल बुडते. कसलेला वादक चालीचाच सूर दाबून वाजवतो.

गाण्याच्या बाबतीत आपल्या कानाला सवय नसलेली गोष्ट म्हणजे तीन आवाज तीन सुरांवर. भजनात सगळे एकच सूर धरतात. इथे मुख्य गायक ‘सा’वर असेल तेव्हा वरचा, ज्याला टेनर म्हणतात, तो ‘ग’वर आणि बॅरिटोन बहुधा खालच्या ‘प’वर असतो. तिन्ही मिळून एक स्वरमेळ होतो. टेनर मुद्दाम ताणून, नाकातून गायलेला, टोकदार असतो. तो बेसूर नसतो, तसाच हवा असतो.

एक माइक, आणि धूर कुठे जातो

अनेक बँड जुन्या चालीने एकाच माइकभोवती गातात. अंतर अर्धं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, एवढ्या एका नियमावर ही सगळी कसरत चालते. ज्याची पाळी तो माइकपासून वीतभर अंतरावर, बाकीचे हातभर मागे, आणि बँजो सर्वांत मागे, कारण तो उपजतच मोठ्याने बोलतो. पाळी संपली की बाजूने सरकायचं, गिटारचं डोकं दुसऱ्याच्या डोळ्यात न घालता. या माइकसमोर वादकांसाठीचे भोंगे ठेवले की शिट्टी सुरू होते, म्हणून ते ठेवत नाहीत. ड्रम आणि अँप्लिफायर नसल्याने बँड बदलायला १५ मिनिटं पुरतात.

आखणीत हमखास होणारी चूक म्हणजे पिट मंचाच्या वाऱ्याच्या बाजूला बांधणं. धुराने गळे बसतात, आणि चरबीचा तुपकट अंश फिडलच्या गजाच्या केसांवर बसला की राळ कितीही घासा, गज तारेवरून घसरतो. उन्हाचा त्रास वेगळाच. सावलीतून एकदम उन्हात नेलेल्या वाद्याच्या तारा तापून उतरतात. मँडोलिनला आठ तारा जोडीजोडीने, जोडीतली एक जरी उतरली तरी कानाला टोचतं. म्हणून चढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं वाद्यं मंचाच्या कडेला, तिथल्याच हवेत उघडी ठेवतात. बँजोवर पूर्वी वासराचं कातडं असे आणि दमट हवेत ते ढिलं पडे. १९५० च्या दशकाअखेरीस प्लॅस्टिकचे पडदे आले आणि ही कटकट मिटली. जनरेटर मंचामागे ठेवला तर त्याची घरघर हळुवार गाण्यात ऐकू येते. तो पिटच्याही पलीकडे न्यावा.

प्रेक्षक खुर्च्या घरून आणतात. बुटक्या पुढे, उंच पाठीच्या मागे. सकाळी मांडलेली खुर्ची दिवसभर तिथेच राहते. मालक नसेल तर बसायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, आला की उठायचं.

तंबूतली मैफल

जाणकार मंडळी मंचापेक्षा तंबूंच्या मैदानात जास्त वेळ काढतात. १९६५ साली व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला ब्लूग्रासचा पहिला बहुदिवसीय महोत्सव भरला, तेव्हापासून रात्री उशिरापर्यंत गोल करून वाजवणं हा या जत्रांचा निम्मा जीव आहे. गोलात शिरायचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण मोडले तर लगेच कळतं. गाणं सुचवणारा पट्टी सांगतो, ‘जी’ किंवा ‘ए’. ‘ए’ असेल तर गिटारवाले दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून ‘जी’चीच बोटं वाजवतात. बहुसंख्य गाणी तीनच स्वरमेळांवर असतात, सा-म-प वर उभारलेल्या. अनोळखी गाण्यात सुचवणारा बोटांनी १, ४, ५ दाखवतो. एका गोलात बास एकच. दुसरा बँजो आला तर एकाने गप्प ‘चक्’ धरायचा. कुणी गात असताना त्याच्यावर सोलो वाजवायचा नाही. पाळी वर्तुळाने पुढे सरकते, जमणार नसेल तर मान हलवून पुढच्याला द्यावी, कुणी वाईट मानत नाही. नवख्याने पहिला तासभर दुसऱ्या रांगेत उभं राहून हळू वाजवावं, आणि नजर गाणं सुचवणाऱ्याच्या पायावर ठेवावी: त्याने एक पाय हवेत उचलला, की ही शेवटची फेरी.